चिकटवहीच्या बाजूने

प्रिय ताई,



मोशीतल्या तुमच्या सोसायटीतल्या बायका चिकटवह्या करायला दर शनिवारी जमणार आहेत, आणि त्यात पडावं की नाही असं तू विचारलंयस. तुझ्या शंकाही तू सोबत लिहून पाठवल्यास: हे अमेरिकेचं खूळ आहे, सामान महाग आहे, फोटो तर सगळे मोबाइलमध्ये असतातच, आणि एवढं करून शेवटी हातात येतं काय? माझं मत आधीच सांगून टाकतो. तू जावंस. पण ज्या कारणासाठी दुकानदार तुला जायला सांगेल, त्या कारणासाठी नव्हे. चिकटवहीत सजावटीला फारसं महत्त्व नाही. महत्त्व आहे ते कागदाखाली लिहिलेल्या दोन ओळींना. आणि त्या दोन ओळी माणूस एकट्याने बसून सहसा लिहीत नाही, त्यासाठी शेजारी विचारणारं कुणीतरी लागतं. म्हणून घरातल्या वहीपेक्षा चारजणींत बसून केलेली वही मला जास्त मोलाची वाटते, आणि तुमच्या भागात तर विशेषच.

तुमच्या भागात का, ते सांगतो. पुण्याचा भूतकाळ वाड्यांत आहे, पेशवे दफ्तराच्या रुमालांत आहे, त्याची राखण करायला संस्था आहेत. चिंचवडला मोरया गोसावींचं देऊळ आणि चापेकरांचा वाडा आहे खरा, पण आज तिथे राहणाऱ्या बहुतेकांच्या घरचा इतिहास त्या वाड्यापाशी सुरू होत नाही. तो कारखान्याच्या गेटपाशी सुरू होतो. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली १९५४ मध्ये, एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये, पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० ची आणि महानगरपालिका १९८२ ची. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात होती, २०११ मध्ये ती सव्वासतरा लाखांवर गेली. एका दशकात इतकी वाढ पाळण्यांमुळे होत नाही. ही माणसं मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून, साताऱ्या-सांगलीकडून, उत्तरेतून आणि केरळातून आलेली आहेत. गावाकडे त्यांचा सातबारा आहे, देव्हारा आहे. इथल्या तीस-चाळीस वर्षांचा पुरावा मात्र निव्वळ किरकोळ कागदांत आहे: गेटपास, बोनसची चिठ्ठी, कॅन्टीनचं कुपन, कंपनीच्या बसचा पास, पहिल्या भाड्याच्या खोलीची पावती.

शिवाय इथे ज्यांनी हे कागद दिले त्या संस्थाच टिकत नाहीत. बजाजच्या स्कूटरसाठी लोक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघत, त्या बुकिंगच्या पावत्या अजून काही घरांत असतील, पण आकुर्डीच्या कारखान्यातलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. शहराची बससेवा पीसीएमटीही त्याच वर्षी पुण्याच्या पीएमटीत मिसळून पीएमपीएमएल झाली, म्हणजे पीसीएमटीचं तिकीट आता कुणी छापणार नाही. नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झालं आणि २०२१ मध्ये विलीन झालं. निगडीत कुणाला घर लागल्याचं प्राधिकरणाचं पत्र हा आता नसलेल्या कार्यालयाचा कागद आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना तर बारा वर्षंच चालला. कंपन्या आपला इतिहास गुळगुळीत कागदावर छापून घेतात, त्यात पहिली गाडी कधी बाहेर पडली ते असतं. रात्रपाळीची बस कुठल्या चौकात थांबायची आणि त्या पगारात पहिली वस्तू कोणती घेतली, हे त्यात येणार नाही. ते यावं अशी अपेक्षाही करू नये. ते घरानेच ठेवायचं असतं.

आता त्या दोन ओळींकडे येतो. पीसीएमटीचं एक तिकीट सुंदर कागदावर, भोवती फुलं कापून चिकटवलं, तरी नातवाला ते कचराच वाटणार. त्याखाली ‘भोसरी ते चिंचवड, नोकरी लागल्यानंतरचा पहिला महिना, पास काढायला पैसे नव्हते’ एवढं लिहिलं की तो कागद बोलू लागतो. मग घरात बसून हे का लिहिलं जात नाही? कारण घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक असतं, किंवा ठाऊक आहे असं वाटतं. ठाऊक असलेली गोष्ट कुणी विचारत नाही आणि न विचारलेली गोष्ट कुणी लिहीत नाही. शनिवारच्या टेबलावर मात्र शेजारी जळगावची बाई बसलेली असेल, पलीकडे नुकतीच चाकणला बदली होऊन आलेली कुणी तमीळ मुलगी. त्यांना पीसीएमटी म्हणजे काय ते माहीत नाही. त्या विचारतील, तुला सांगावं लागेल, आणि सांगताना जे तोंडून निघेल तीच वहीतली ओळ. शहरात कुणी कुणाचं नाही अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. या एका कामात ते अनोळखीपण कामाला येतं.

आता खूळ अमेरिकेचं आहे का? आजच्या रूपात आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. तिकडे हा छंद इतका जुना की १८७३ मध्ये मार्क ट्वेनने आधीच डिंक लावलेल्या पानांच्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. (एवढ्या मोठ्या विनोदी लेखकाला डिंकाचा इतका वैताग यावा, याची मला गंमत वाटते.) नंतर १९८० च्या सुमारास युटामध्ये, वंशावळी जपणं धर्मकर्तव्य मानणाऱ्या मॉर्मन लोकांत, त्याला नवा जोर आला आणि मागोमाग कागद, पंच, स्टिकर यांचा मोठा धंदा उभा राहिला. पण वही ठेवायला तुमच्या भागाला युटाने शिकवण्याची गरज नाही. तुकारामांचे अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे चाकणचे. व्यवसाय तेल्याचा. त्यांच्या वह्या घराण्यात राहिल्या, आणि विसाव्या शतकात वि. ल. भावे यांनी त्यांच्या आधाराने गाथेची आवृत्ती काढली. ती चिकटवही नव्हती, आणि अभंगाशी बसच्या तिकिटाची बरोबरी करण्याइतका मी उतावळा नाही. मुद्दा वेगळा आहे. कामधंदा सांभाळून एका माणसाने वही नेटाने ठेवली आणि ती सुदुंबरे-चाकणच्या पट्ट्यातच ठेवली गेली. ज्या नाशिक रस्त्यावर आज ट्रकांची रांग लागते त्याच वाटेने पुढे जुन्नर आहे, आणि जुन्नरी कागदाचं नाव एके काळी दप्तरांत घेतलं जायचं. वही आणि कागद दोन्ही इथले आहेत, परकं आहे ते फक्त स्टिकरचं पाकीट.

मोबाइलचा आक्षेप मला त्याहून वजनदार वाटतो. फोनमध्ये हजारो फोटो आहेत हे खरं, आणि पूर आला, घर बदललं तरी ते वाचतील हेही खरं. पण फोन निवड करत नाही. एकाच केकचे चौदा फोटो तो तितक्याच निष्ठेने सांभाळतो. वहीचं पान लहान असतं, म्हणून चौदातला एक ठेवावा लागतो, आणि तो का ठेवला याचं उत्तर द्यावं लागतं. दुसरं म्हणजे कुपनाचा, पावतीचा फोटो कुणी काढत नाही, आपण माणसांचे काढतो. दोन्ही ठेव. वहीच्या पानांचे फोटो काढून मुलांना पाठवलेस तर उत्तमच.

खर्चाचं म्हणशील, तर तुला तो धाक दुकानांनी घातलेला आहे. जाड साधा कागद, कात्री, पेन्सिल आणि फोटोचे कोपरे अडकवायचे कॉर्नर एवढ्यावर भागतं. काळ्या पानांचे आणि मधे पातळ कागद घातलेले जुने अल्बम पन्नास वर्षं टिकले ते या कॉर्नरमुळेच. त्यांत फोटोच्या पाठीला डिंक लागत नसे. नंतर आलेल्या चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बमांनी फोटो असे धरून ठेवले की काढताना फाटतात. कणकेच्या खळीने चिकटवू नकोस, तिला कसर लागते. वर्तमानपत्राचं कात्रण लाकडाच्या हलक्या लगद्याचं असतं, ते पिवळं पडतं आणि समोरच्या पानालाही डाग देतं, तेव्हा त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढावी. सगळ्यांत घातकी म्हणजे मशीनमधून येणारी आजची तिकिटं आणि एटीएमच्या चिठ्ठ्या. त्यांवरची अक्षरं शाईची नसतात, उष्णतेने उमटलेली असतात आणि उष्णतेनेच जातात. कंडक्टरने टोचलेलं जुनं छापील तिकीट त्यांच्यापेक्षा जास्त जगेल.

आणि हातात येतं काय? विकण्यासारखं काहीच नाही. पवनाथडी जत्रेत बचत गटांच्या बायका पापड, गोधड्या, पिशव्या, दागिने मांडतात. ते कष्टाचं आणि अभिमानाचं काम आहे, पण त्यामुळे बाईच्या हाताला छंद असला की ‘याचे किती मिळतील?’ हा प्रश्न लगेच पुढे येतो. चिकटवही कुणी विकत घेणार नाही, म्हणून तिची गिऱ्हाइकासाठी सफाई करावी लागत नाही. तीन पाळ्यांत दिवस विभागणाऱ्या गावात दोन तास असे बिनहिशेबी जाणं मला वाया गेल्यासारखं वाटत नाही.

मला खरी भीती मंडळाचीच वाटते. चारजणी जमल्या की कुणाचं पान सुंदर याची चढाओढ लागते, मग स्पर्धा, बक्षीस, पाहुणे, आणि ज्या बाईचं अक्षर वाईट ती तिसऱ्या शनिवारी येत नाही. माझा सगळा युक्तिवाद त्या बाईवर उभा आहे, कारण सांगण्यासारखं बहुधा तिच्याकडेच जास्त असतं. तेव्हा नंबर काढायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका, आणि जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीने लिहून द्यावं. पगाराची चिठ्ठी, दवाखान्याचे कागद, आधारची झेरॉक्स मात्र टेबलावर नेऊ नयेत. ती पानं घरची आहेत. तुझ्या ड्रॉवरमध्ये मशीनची तिकिटं असतील तर त्यांच्या झेरॉक्स याच आठवड्यात काढून घे. उन्हाळ्यानंतर त्यांवर वाचण्यासारखं काही उरेलच असं नाही.

तुझा धाकटा भाऊ