हंगाम नसलेल्या किनाऱ्यावर

फेब्रुवारीत स्पेनच्या समुद्रावर जाणार म्हटल्यावर ल्यूटनमधल्या शेजारणीनं आमच्या मुलीला विचारलं, "आत्ता तिथं काय आहे?" खरंच काही नव्हतं. हॉटेलांच्या खिडक्या बंद, वाळूवरच्या छत्र्या गुंडाळलेल्या. म्हणून तर सगळं स्वस्त होतं. नातीला शाळेची आठवडाभर सुट्टी होती, आम्हा दोघांच्या पासपोर्टवर शेंगेन व्हिसा महिनाभराच्या खटपटीनंतर उमटला होता, आणि जावयांनी मालागाहून एक मोटारहोम भाड्यानं ठरवली होती.

मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. सातेक मीटर लांब गाडी, त्यात दोन पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर आणि रात्री उघडला की बिछाना होणारा बाक. वजन साडेतीन टनांच्या आत असलं की साधा कारचा परवाना चालतो. गोश्त आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमधून तिकडे नेता येत नाहीत, म्हणून आम्ही तांदळाचं पीठ, मसाला आणि कोकम घेतलं. भाकरी कुठंही होते.

पाणी मात्र मोजूनच वापरावं लागतं. टाकी शंभर लिटरची, माणसं पाच. पहिल्याच संध्याकाळी ती निम्मी झाली आणि जावयांचा चेहरा पडला. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे जेमतेम दोन ओंजळींत वजू करत, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. ते अमलात आलं या गाडीत. नातीनं तर एका पेल्यात वजू करून दाखवला आणि उरलेलं पाणी आम्हाला आणून दिलं.

दुसरा नियम पोलिसांनी शिकवला. गाडी उभी करून आत झोपलात तर ते पार्किंग. बाहेर खुर्ची मांडली किंवा छत उघडलं की तो तळ, आणि त्याला दंड. आम्ही समुद्राकडे तोंड करून चहाला बसलो होतो. पोलीस हसत आले, खुर्चीकडे बोट दाखवलं आणि आम्ही ती आत घेईपर्यंत थांबून निघून गेले. शेजारी जर्मन, डच म्हातारे-म्हाताऱ्या उभा हिवाळा अशाच गाड्यांमधून काढतात. त्यांच्या खुर्च्या आतच होत्या!

ते गाव अल्मुन्येकार. ७५५ साली अब्बासींच्या तलवारीतून वाचलेला उमय्या घराण्यातला तरुण, अब्दुर्रहमान, पाच वर्षं उत्तर आफ्रिकेत लपतछपत फिरून इथंच किनाऱ्याला लागला. समुद्रालगत त्याचा पुतळा आहे. आम्ही पुतळ्यापेक्षा बाजारात जास्त रमलो. तिथं चिरिमोया नावाचं फळ मिळतं, सीताफळाची सख्खी बहीणच. आंबाही इथं पिकतो, पण फेब्रुवारीत तो कुठून मिळणार. रत्नागिरीच्या माणसानं याबद्दल जास्त बोलू नये.

शब्दही ओळखीचे भेटत राहिले. साखरेला आसुकार, तांदळाला आर्रोस, पाण्याच्या पाटाला आसेकिया. किल्ल्याला अल्कासाबा म्हणतात, तो अरबीतला अल-कसबा. आपल्याकडच्या गावोगावच्या कसब्याचा हा लांबचा भाऊ. अल्मेरियाचा अल्कासाबा अब्दुर्रहमान तिसरा याच्या काळचा, दहाव्या शतकातला. खाली शहरात सान हुआन नावाचं चर्च आहे, तिथं पूर्वी जामा मशीद होती. १४८९ मध्ये शहर कॅथलिक राजाराणीच्या हाती गेलं. त्या मशिदीची किब्ल्याची भिंत आणि मेहराब अजून चर्चच्या आत आहे. आम्ही गेलो तेव्हा दार उघडं मिळालं. मेहराबीसमोर उभं राहिलो. नानीनं नातीचा हात घट्ट धरला होता. कुणीच काही बोललं नाही. बाहेर आल्यावर नातीनं विचारलं, "आता इथं नमाज कुठं पढतात?"

उत्तर मिळायला दोन दिवस लागले.

मधले दोन दिवस काबो दे गाताला, शहराच्या पूर्वेला. ते संरक्षित क्षेत्र आहे, किनाऱ्यावर गाडीत रात्र काढायला मनाई, म्हणून कॅम्पिंगच्या जागेत राहिलो. तिथं समुद्र पूर्वेला आहे. कोकणात आम्ही जन्मभर समुद्राकडे तोंड करून नमाज पढलो, मगरिबला सूर्य समोर बुडताना पाहिला. इथंही किब्ला समुद्राकडेच, पण फजरनंतर बसून राहिलो तर आठच्या सुमाराला सूर्य त्याच बाजूनं वर आला. ही गोष्ट नकाशावरून समजते, तरी पाहिल्यावर पोटात काहीतरी हललं.

शुक्रवारी परत फिरलो. येताना महामार्गावरून सगळं पांढरं दिसलं होतं आणि नातीला तो बर्फ वाटला होता. मागच्या सिएरा नेवादावर खराच बर्फ होता, खाली प्लॅस्टिक. तीस हजार हेक्टरांहून जास्त जमिनीवर पॉलीहाऊस, डोंगराच्या पायथ्यापासून थेट समुद्रापर्यंत. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची. पर्यटकांचा हंगाम नसतो तेव्हा इथला खरा हंगाम असतो, कारण युरोप थंडीत गारठलेला असताना त्याची भाजी इथून जाते. ल्यूटनमध्ये मुलीच्या फ्रीजमधल्या मिरचीच्या पाकिटावर 'स्पेन' लिहिलेलं आम्ही रोज पाहत होतो.

तोडणी करणारे बहुतेक मोरोक्कोचे आणि आफ्रिकेतल्या इतर देशांचे. काहींची घरं लाकडी फळ्या आणि टाकून दिलेल्या प्लॅस्टिकची. २००० च्या फेब्रुवारीत एल एहिदोत मोरोक्कन मजुरांवर जमावानं हल्ले केले होते, घरं-दुकानं जाळली होती. रस्त्यावरून जाताना यातलं काही दिसत नाही, फक्त पांढरं प्लॅस्टिक.

जुम्याची जागा एका गोदामासारख्या इमारतीत होती. मिनार नाही, दाराबाहेर रबरी बुटांची रांग, त्यावर सुकलेली माती. खुतबा अरबीत. सफ इतकी दाटीची की सजद्यात डोकं पुढच्याच्या टाचेला लागत होतं. नंतर चाळिशीतल्या एका माणसानं आम्हाला थांबवलं. "हिंद?" जावयांचं मोडकं स्पॅनिश, त्याचं थोडं फ्रेंच, बाकी सलाम. पुदिन्याचा चहा त्यानं पाजला, पैसे घेतले नाहीत. फोनवर मुलीचा फोटो दाखवला. नातीएवढीच. तिला त्यानं चार वर्षांत पाहिलेलं नव्हतं. कागदपत्रं झाली की घरी जाईन, इन्शाअल्लाह. मागच्या वर्षी त्याचे वडील वारले, जनाजा त्यानं फोनवर पाहिला.

आमच्या घरातली बावीस वर्षं कुवेतनं नेली. अब्बांचा जनाजा आमच्याकडेही निघाला तेव्हा एक जण तिकडे होता आणि दुसरी इकडे सगळं सांभाळत होती. फोन तेव्हा बोलण्यापुरता होता, चित्र दिसत नव्हतं. बरं होतं की वाईट, आम्हाला आजही ठरवता येत नाही. हे सगळं त्याला कोणत्या भाषेत सांगणार? नानीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, जसा मोहल्ल्यातल्या पोराच्या ठेवते. तो मान खाली घालून उभा राहिला. "दुआ," एवढंच म्हणाला.

निघताना त्यानं एक पिशवी गाडीच्या पायरीवर ठेवली. निर्यातीत न बसलेले वाकडे टोमॅटो, चार-पाच किलो. शनिवारी गाडी परत द्यायची होती. तिची टाकी रिकामी करण्यात आणि झाडून काढण्यात सकाळ गेली. नातीनं आपले कपडे अम्मीच्या बॅगेत कोंबले आणि टोमॅटोंना जागा केली.

ल्यूटनला पोहोचल्यावर रात्री सार केलं, भाकरी केली. सहा टोमॅटो अजून कच्चे होते. ते खिडकीत ठेवले आहेत.