नको तेवढंच

नको असलेली गोष्ट टाळणं हा आपल्याकडचा पिढीजात उद्योग आहे. पण नको तेवढंच टाळून बाकीचं जसंच्या तसं येऊ द्यायचं, ही कला फार थोड्यांना साधते. लग्नात एका आत्याबाईला चुकवायला जावं, तर सगळं अक्कलकोट रुसून बसतं!

ही कला तांब्याच्या पट्टीला मात्र सहज येते, हे मला आमच्या पुतणीनं शिकवलं. ती इथंच, सोलापुरात इंजिनिअरिंगला आहे आणि सध्या ‘बँडस्टॉप फिल्टर’ बनवते आहे. माझं फिल्टरचं ज्ञान चहाच्या गाळणीपाशी संपतं. तिनं माझ्यापुढं एक छापील सर्किट बोर्ड ठेवला. नको ते तांबं फेरिक क्लोराईडच्या पाण्यात विरघळवून उरलेली एक सरळ पट्टी आणि तिला तीन दात. दात मोजून पडलेला कंगवाच म्हणा ना!

“काका, ही पट्टी म्हणजे हमरस्ता, आणि हे दात म्हणजे बंद बोळ. लाट बोळात शिरते, टोकाला आपटून परत येते. बोळ पाव लाटेएवढा ठेवला, तर जाऊन-येऊन अर्धी लाट होते. मग हिचा चढ आणि रस्त्यावरच्या लाटेचा उतार एका जागी येतात. पुढं काही जात नाही. ती लाट आल्या वाटेनं परत!”

“आणि बाकीच्या लाटा?”

“त्यांना ते माप जुळत नाही. त्या खुशाल पुढं जातात.”

वायफाय ज्या पट्ट्यात चालतं, त्या २.४५ गिगाहर्ट्‌झची लाट हवेत सव्वाबारा सेंटिमीटर असते. फायबर ग्लासच्या बोर्डावर ती आखडते, म्हणून दात जेमतेम १७ मिलिमीटरचा. त्यातही टोकापाशी लाट जराशी बाहेर डोकावते. तेवढा तो आणखी आखूड कापायचा. माप चुकलं, की भलत्याच पाहुण्याला दार बंद.

नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या दूरच्या दीर्घिकांची कुजबुज ऐकतात, आणि आसपास मोबाइलवर जगाच्या गप्पा चालतात. तिच्याही यंत्रणेत असे नको ते पट्टे अडवणारे फिल्टर आहेत.

सोलापूरकराला यात नवल ते काय? इथं यंत्रमागाच्या खडखडाटात पोरं ढाराढूर झोपतात. वीज गेली, माग थांबले, की दचकून उठतात!

परवा आमच्या अण्णांचा कान तपासून आणला. पस्तीस वर्षं ते मागावर होते. डॉक्टरांनी काढलेल्या आलेखात रेघ बरी चालली होती, आणि ४००० हर्ट्‌झपाशी एकदम खड्डा. पुतणीनं कागद पाहिला. “काका, हा तर माझ्या फिल्टरचा आलेख!” म्हणाली, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

फरक एवढाच, की हा फिल्टर मागानं कोरला, आणि अडवलं ते नको तेवढं नव्हे. माग ऐकू येतच राहिला. गेले ते ‘स’, ‘श’, ‘च’ आणि नातवंडांचे बारीक आवाज. “शेंगाची चटणी वाढू का?” विचारलं, तर अण्णा म्हणतात, “कोणाची पत्नी?” आम्ही हसतो, तेही हसतात, पण जरा उशिरा. तांब्याचा दात लांब झाला तर ब्लेडनं खरवडता येतो. कानातल्या केसपेशी एकदा गेल्या, की पुन्हा उगवत नाहीत.

पुतणीनं उपाय काढला. हल्ली ती अण्णांच्या समोर बसते, आवाज खाली आणते आणि सावकाश बोलते. काल तिनं अशा रीतीनं त्यांना अख्खा फिल्टर समजावला. अण्णांनी बोर्ड उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

“फणी झ्याक आहे,” ते म्हणाले, “पण पोरी, तीन दातांत ताणा कसा ओवायचा?”