आधी पाचशे बनवा!

माझ्या डेस्कटॉपवर सध्या एकच फोटो आहे, मर्सिडीज १९० ई २.५-१६ इव्होल्यूशन टू. चार दारांची सभ्य, साहेबी सेडान आणि मागे इस्त्रीच्या टेबलाएवढा पंख! हे सोंग कशासाठी? तर १९९० साली जर्मनीच्या डीटीएम रेसमध्ये बीएमडब्ल्यू एम३शी टक्कर द्यायची होती.

पण नुसता पंख ठोकून ट्रॅकवर उतरता येत नव्हतं राव. तेव्हाच्या 'ग्रुप ए'चा नियम असा, की मूळ मॉडेलच्या वर्षभरात ५,००० गाड्या बनलेल्या हव्यात. पुढचे बदल मंजूर हवेत? मग ते बदल केलेल्या आणखी ५०० बनवून दाखवा. यालाच म्हणतात होमोलोगेशन. मर्सिडीजने ५०२ बनवल्या. म्हणजे तोच पंख लावून कोणी भाजी आणायलाही जाऊ शकत होतं! १९९२ मध्ये क्लाउस लुडविग याच गाडीवर चॅम्पियन झाला.

हा नियम मला जरा झोंबतो. गेल्या वर्षी क्लायंटला मी झकास डेमो दिला होता. निम्मे आकडे कोडमध्येच कोंबलेले. टाळ्या पडल्या, मॅनेजर खूश. तीन महिन्यांनी क्लायंटकडच्या मॅडमनी फोनवर शांतपणे विचारलं, "तो डेमोतला रिपोर्ट आम्हाला कधी मिळणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परवाच्या डेमोतून मी दोन स्क्रीन स्वतःच काढून टाकल्या. टाळ्या जरा कमी पडल्या. असो, चालतंय.