पक्षीण आणि पारवा

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ आणि बालकवींची ‘पारवा’ या दोन्ही कविता पाखरांच्या आहेत, आणि दोन्हींत जे गेले ते परत येणारे नाही. त्या शेजारी ठेवून वाचाव्यात याला आणखीही एक कारण आहे. हे दोन्ही कवी काही काळ नगरला एकाच घरात राहिले.

टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, हीच त्यांची कर्मभूमी झाली. इथेच १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले होते. त्याच्या मराठी विभागाचे संपादन नंतर टिळकांकडे आले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. टिळकांनी त्याला जवळ केले, नगरला आणले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा ठोंबरे भेटतो तो घरच्या मुलासारखा.

टिळकांच्या कवितेतली पक्षीण घायाळ आहे. पडत, उठत, पुन्हा बळ करून ती घरट्याकडे निघते, कारण चोचीतला घास पिलांपर्यंत पोचवायचा आहे. तो शेवटचा घास भरवून ती प्राण सोडते. कवितेला पृथ्वी वृत्त आहे. सतरा अक्षरांची ओळ आठव्या अक्षरावर थबकते आणि पुन्हा झेप घेते. जखमी पंखांची तडफड त्या लयीतच ऐकू येते. इथला वियोग काही क्षणांत घडतो आणि तो कुणीतरी घडवलेला आहे. म्हणून शीर्षकातच उद्गार आहे, जाब आहे. वाचणाऱ्याचे डोळे भरतात तेव्हा त्या आसवांत संताप मिसळलेला असतो.

‘पारव्या’त असे काहीच घडत नाही. एक जुनी धर्मशाळा. भिंत खचलेली, खांब कलथलेला, आणि कौलांवर बसून एकटाच घुमणारा पारवा. वर मध्यान्हीचा सूर्य आणि गिरक्या घेणारी घार. धर्मशाळा मुळात येणाऱ्याजाणाऱ्यांची जागा. तिथला राबता कधी थांबला, कुणामुळे थांबला, हे कवी सांगत नाही. पडझड काळाने केली आहे आणि काळाला जाब विचारता येत नाही. कीर्तनातून, संगीत नाटकांतून कानांवर रुळलेली दिंडी वृत्ताची लय बालकवींनी इथे इतकी मंद केली आहे की एकोणीस मात्रांची ओळ घुमण्यासारखीच लांबत जाते.

पुढे कविता एक विलक्षण वळण घेते. कवीला पारव्याच्या जागी दुःखनिद्रेत बुडालेला बुद्ध दिसतो. उन्हाची झळ कवीच्या जगाला लागते, पारव्याला तिचे भानही नाही. टिळकांची करुणा पक्षिणीकडे धाव घेते, तिचे दुःख आपले मानते. बालकवी पारव्याजवळ जातात आणि त्यांना कळते की तो त्यांच्यापेक्षा सुखरूप आहे. दुःखाच्या तळाशी गेलेल्याला सांत्वन लागत नाही. ‘फुलराणी’सारखी आनंदी कविता लिहिणाऱ्या हातानेच ही कविता लिहिली, हे बालकवींना केवळ आनंदाचे कवी म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

या फरकामागे दोघांची श्रद्धा आहे. माणसाचे मन हलवले तर क्रौर्य थांबेल, असा टिळकांचा प्रचारकाचा आणि भक्ताचा विश्वास होता. त्यांची कविता वाचणाऱ्याकडे काहीतरी मागते. बालकवींची कविता काहीही मागत नाही, आणि नेमकी म्हणूनच ती अधिक खोल जाते. शाळेत पाठ झालेली पक्षीण बालपणीच रडवते. पारवा मात्र उतारवयात, ओळखीची घरे ओस पडू लागल्यावर कळतो.

बालकवी ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. टिळकांचे निधन ९ मे १९१९ रोजी मुंबईत झाले. दोघांमागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या घराची हकीकत ‘स्मृतिचित्रे’त लिहिली. तिचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला.