त्याचा रंग असा नव्हता

आपल्या शाळेच्या जुन्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवावयाचे ठरले, तेव्हा स्मरणिका समितीने चाळीस कृष्णधवल छायाचित्रे मोठ्या आकारात छापून देण्याचे काम माझ्याकडे सोपवले. कारण सरळ होते. मिलिंद महाविद्यालयात शिकत असताना मी दोन वर्षे गुलमंडीजवळच्या एका स्टुडिओत काम करीत असे. तास संपले की नागसेनवनातून सायकलने शहरात यायचे आणि लाल दिव्याच्या खोलीत रात्रीपर्यंत कागद डेव्हलपरमध्ये बुडवीत बसायचे. त्या जुन्या भांडवलावर मी होकार दिला. घरी सहा शायांचा इंकजेट प्रिंटर होताच. रंगीत छापण्यापेक्षा काळे-पांढरे छापणे सोपे, अशी माझी समजूत होती.

चाळीसांतील एक छायाचित्र माझ्या स्वतःच्या वर्गाचे होते. १९७४ सालचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. वसतिगृहाच्या अंगणात आम्ही आठवीची मुले पांढरे सदरे घालून तीन रांगांत उभी आहोत. अधीक्षक गुरुजींच्या ‘आग्फा क्लिक ३’ कॅमेऱ्याने ते टिपलेले. दुसऱ्या रांगेत माझ्या डाव्या हाताला माझा खोलीतला सोबती उभा आहे. पुढच्या वर्षी कावीळ होऊन तो गेला. त्याचे दुसरे छायाचित्र कोठेच नाही. त्याची थोरली बहीण भावसिंगपुऱ्यात राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. प्रदर्शनाआधी तिला एक प्रत द्यावी म्हणून त्या छायाचित्रातील चार मुलांचा भाग मोठा करून मी दुपारी खिडकीपाशी छापला. छाप चांगला उतरला होता. संध्याकाळी तो घेऊन मी तिच्याकडे गेलो. तिने दिव्याखाली धरला, चष्मा पुसून पुन्हा धरला आणि म्हणाली, “अरे, हा असा पिवळा-हिरवा का दिसतो? काविळीत दिसायचा तसा दिसतोय बघ. त्याचा रंग असा नव्हता रे.”

मी पाहिले. खरेच होते. दुपारी राखाडी असलेला चेहरा तिच्या घरातल्या एलईडी दिव्याखाली आजाऱ्यासारखा झाला होता, आणि पांढऱ्या सदऱ्यांच्या चुण्यांत शेवाळी छटा उतरली होती.

त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागलो. संगणकातील चित्र पूर्णपणे करडे असते. तांबडा, हिरवा, निळा यांची मात्रा प्रत्येक बिंदूत सारखी. परंतु रंगीत प्रिंटरजवळ करडी शाई नसते. निळसर, किरमिजी आणि पिवळी या तीन शाया तो सूक्ष्म थेंबांनी शेजारी-शेजारी टाकतो, गडद जागी काळी मिसळतो, आणि डोळ्याला त्या मिश्रणाचा करडा भास होतो. किरमिजी किंचित वाढली की चेहरा गुलाबी, किंचित घटली की हिरवट. फुलाच्या वा साडीच्या चित्रात एवढी चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. करड्या रंगात मात्र ती लपायला जागाच नसते.

दिव्याने चेहरा बदलण्याचे कारण याहून खोल आहे. सूर्यप्रकाशात सर्व रंगांचे किरण सलगपणे असतात. एलईडी आणि ट्यूबलाइटच्या प्रकाशात काही भरपूर, काही अगदी तुटपुंजे. तीन शायांचा तोल दिवसाच्या उजेडात जुळलेला असला, तरी दिवा बदलताच प्रत्येक शाई निराळ्या मापाने प्रकाश परतवते आणि तोल मोडतो. या गुणाला मेटॅमेरिझम म्हणतात. त्यात कागदाची भर पडते. पुष्कळ फोटो कागदांत शुभ्रता वाढवणारी द्रव्ये घातलेली असतात. ती अतिनील किरणांनी निळसर चमकतात. खिडकीपाशी पांढरा शुभ्र वाटणारा तोच कागद एलईडीखाली पिवळट दिसतो, कारण त्या दिव्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात.

मग केवळ काळ्या शाईने छापून पाहिले. छटा गेली, परंतु सदऱ्यांवर राई उधळल्यासारखे ठिपके आले. फिकट करड्यासाठी काळे ठिपके दूरदूर टाकण्यावाचून यंत्राला गत्यंतर नव्हते. दहा फुटांवरून ते चालले असते. अक्का मात्र छायाचित्र डोळ्यांशी नेऊन पाहते.

शहरातील एका दुकानात गेलो, तेथील अनुभव सांगितलाच पाहिजे. तेथल्या तरुणाने चित्र पडद्यावर घेतले आणि मला न विचारता मुलांचे चेहरे उजळून टाकले. “काका, फ्रेश वाटतात की नाही?” तो सहजपणे म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता. लग्नाच्या अल्बमात तो रोज हेच करतो आणि लोक त्याचे पैसे देतात. परंतु आमची ती चारही मुले शेतमजुरांची होती, उन्हात वाढलेली, सावळी आणि काळी. एका यंत्राने त्यातल्या एकाला आजारी केले होते, दुसऱ्याने चौघांना गोरे केले. मी मूळ फाईल घेऊन निघून आलो.

मूळ छायाचित्र तरी कोठे तटस्थ करडे होते, हा प्रश्न मला त्यानंतर पडला. ते तपकिरी झाले आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याची लेणी ज्या काळी कॅमेऱ्याने टिपली, त्या काळचे अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेल्या कागदावरील छाप स्वभावतःच तांबूस तपकिरी असत. फर्ग्युसन यांच्या १८६४ सालच्या ग्रंथात गिल यांची ७४ छायाचित्रे आहेत. आमच्या छायाचित्राचा तपकिरीपणा तसा नाही. स्टुडिओत शिकलो होतो की, छाप हायपोतून काढल्यावर वाहत्या पाण्यात पुरेसा वेळ धुवावा लागतो. कागदात हायपो उरला तर काही वर्षांनी चित्र पिवळट तपकिरी होते. १९७२ च्या दुष्काळाला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. एका छायाचित्रासाठी इतके पाणी वाहू द्यायला त्या काळी मराठवाड्यात कोणाचा हात धजावला असता? छाप बादलीत बुचकळून दोरीवर वाळत घातला असेल, असे मला वाटते. तो डाग त्या काळाचा आहे, हे खरे. तरी मुलांच्या चेहऱ्यावर तो ठेवावासा मला वाटला नाही. प्रदर्शनात मूळ प्रत काचेखाली तशीच ठेवावी आणि भिंतीवरच्या प्रती करड्या असाव्यात, असे मी समितीला सुचवले व ते मान्य झाले.

अखेर मार्ग सापडला तो अनेक काळ्या शायांच्या यंत्रात. अमेरिकेतील काही छायाचित्रकार पंचवीसएक वर्षांपूर्वीच प्रिंटरमधील रंगीत शाया काढून त्या जागी करड्या शाया भरू लागले होते. २००५ साली एप्सन कंपनीने एक काळी, एक फिकट काळी आणि एक अतिफिकट काळी, अशा तीन शायांचे यंत्र आणले. त्यात कृष्णधवल छपाईचा वेगळा विभाग असतो. करड्याचा बहुतेक भार या तीन शाया उचलतात. रंगीत शाया चिमूटभर, छटा सावरण्यापुरत्या. या काळ्या शायांत कार्बनचे कण असतात आणि ते सर्व रंगांचे किरण जवळपास सारखेच शोषतात. म्हणून दिवा बदलला तरी चेहरा फारसा बदलत नाही.

एका परिचिताकडे तसे यंत्र होते. शुभ्रतावर्धक नसलेला सुती कागद घेतला. प्रथम काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकवीस पायऱ्यांची पट्टी छापली, एक दिवस वाळू दिली, मग खिडकीत, ट्यूबलाइटखाली आणि एलईडीखाली धरून पाहिली. ‘न्यूट्रल’ ही खूण केली तरी कागद स्वतःच थोडा दुधाळ असल्याने करडा उबदार वाटे. म्हणून छटा थंडाव्याकडे किंचित सरकवली. पट्टी तीन वेळा छापली, चौथ्या वेळी चित्र.

पुन्हा संध्याकाळीच गेलो, मुद्दाम. अक्काने तोच दिवा लावला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग त्याच्या सदऱ्याच्या खिशाजवळ बोट टेकवून म्हणाली, “हे ठिगळ दिसतंय बघ. बाबांच्या जुन्या धोतराचा सदरा होता तो, मीच हातानं शिवलेला. खिसा फाटला म्हणून आतून तुकडा लावला होता.” आधीच्या छापात ते ठिगळ हिरवट छटेत बुडून गेले होते, मी त्याच्या शेजारी झोपत असे, मला ते कधी ठाऊकही नव्हते.

तिने आणखी एक प्रत मागितली आहे, पुण्याच्या लेकासाठी. चाळीसपैकी तेवीस छापून झाली आहेत. उरलेली छापण्याआधी सभागृहात कोणते दिवे लावणार, तेवढे समितीने मला कळवावे.