माधापरच्या बायका आणि भूजची धावपट्टी

सुरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ सुरू होतो. आमची गाडी पुलावर आली तेव्हा नुकतं उजाडत होतं. दोन्ही बाजूंना मिठागरं, मिठाचे पांढरे ढीग आणि उथळ पाण्यात उभे बगळे. अप्पा पहाटेपासून खिडकीशी बसून होते. हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले अप्पा आमच्या कॉलनीत राहतात. 1971 च्या युद्धात ते कच्छच्या आखातापलीकडे, जामनगरच्या तळावर ग्राउंड क्रूमध्ये होते. भूजची धावपट्टी गावातल्या बायकांनी दुरुस्त केली हे त्यांनी तेव्हाच ऐकलं होतं. त्या बायकांना एकदा भेटायचं, हे त्यांच्या मनात कधीपासून होतं. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून सोबतीला मी.

वाटेत त्यांना बोलतं करायला फारसं काही करावं लागलं नाही. युद्ध म्हटलं की लोक विमानांबद्दल विचारतात, पण अप्पांना आठवतं ते वेगळंच. त्यांना आठवतात बूट. त्या पंधरा दिवसांत पायातले बूट रात्रीही निघाले नाहीत, कारण भोंगा वाजला की अंधारात नाड्या कोण बांधत बसणार! बराकीतल्या खाटा रिकाम्या आणि माणसं खंदकात, घोंगडी अंगाखाली घेऊन. विमानाच्या इंधनाचा वास हाताला इतका भिनलेला की पोळीचा घासही रॉकेलसारखा लागे. टॉर्चच्या काचेवर कागद चिकटवलेला, त्यातून नखाएवढा उजेड पडायचा. त्या उजेडात इंधन भरायचं, तोफांच्या गोळ्यांचे पट्टे चढवायचे, चाकांतली हवा तपासायची. घरी पत्र लिहायचं तर ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी’ यापलीकडे काही लिहायची मुभा नव्हती. “आई म्हणायची, पोरगा लिहायलाच विसरला,” अप्पा म्हणाले आणि थोडा वेळ गप्प झाले.

त्यांच्या आठवणींतली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडली. उजाडलं की पंचवीस-तीस जण धावपट्टीवर हातभर अंतरानं ओळीनं उभे राहायचे आणि माना खाली घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. काम एकच, खडे वेचायचे. जेट विमानाचं इंजिन समोरची हवा प्रचंड जोरानं आत ओढतं. त्या हवेबरोबर बोराएवढा खडा जरी आत गेला तरी भरवेगात फिरणारी पाती तुटू शकतात आणि उड्डाणाच्या ऐन क्षणी इंजिन बंद पडू शकतं. त्यामुळे बॉम्ब पडलेली धावपट्टी म्हणजे नुसते खड्डे नव्हेत. खड्ड्याभोवती लांबवर उडालेला खडी-डांबराचा चुरा तितकाच घातक. “खड्डा बुजवणं एक वेळ सोपं,” अप्पा म्हणाले. “पण बुजवलेली जागा विमानाच्या भरधाव चाकाखाली टिकली पाहिजे आणि तिच्यावर एक खडा सुटा राहता कामा नये. त्या बायांनी ते हातानं केलं. म्हणून मला यायचं होतं.”

भूज स्टेशनवर उतरलो. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात जुन्या भूजचा मोठा भाग कोसळला, त्यामुळे आज दिसतात ते रुंद रस्ते आणि नवी घरं. भुजिया डोंगर मात्र तोच. हवाई दलाचा तळ आणि नागरी विमानतळ एकमेकांना लागून आहेत, मुंबईहून येणारं प्रवासी विमानही इथंच उतरतं. तळाकडे कॅमेरा रोखायचा नसतो, तेव्हा रस्त्यावरूनच पाहिलं. अप्पांनी टोपी काढली, क्षणभर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “चल, माधापरला.”

माधापर भूजला चिकटूनच आहे, अंजारच्या रस्त्याला. इथली लेवा पटेल कुटुंबं पिढ्यान् पिढ्या आफ्रिकेत आणि इंग्लंडमध्ये जात राहिली. त्यांनी पाठवलेल्या पैशामुळे गावात बँकांच्या शाखांची ही रांग दिसते. घरचे पुरुष परदेशात, त्यामुळे शेती, गुरं, घरांची बांधकामं यांचा भार बायकांच्या अंगावर. 1971 मध्ये भूजच्या तळाला ज्यांची गरज पडली, त्या हातांना घमेलं आणि फावडं नवं नव्हतं.

3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी पाकिस्ताननं भारताच्या पश्चिमेकडच्या हवाई तळांवर हल्ले केले आणि युद्ध पेटलं. सरहद्दीजवळच्या भूजवर पुन्हा पुन्हा हल्ले होत राहिले. 8 डिसेंबरच्या रात्री सेबर विमानांनी बॉम्ब टाकून धावपट्टी उखडून टाकली. दत्तजयंती होऊन जेमतेम आठवडा झालेला, म्हणजे चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवणार, आणि कच्छच्या उघड्या रानात तेवढा उजेडही वैमानिकाला पुरतो. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, आपल्या नागपूरचे. त्यांच्या हाताशी आणखी दोन अधिकारी, हवाई दलाची 50 माणसं आणि डिफेन्स सिक्युरिटी कोअरची 60. एवढ्या माणसांनी तळ राखायचा, विमानविरोधी तोफा सांभाळायच्या, की धावपट्टी बांधायची? बांधणारे मजूर कुठून आणायचे? तेव्हा माधापरच्या पंचायतीकडे निरोप गेला आणि 300 जणी निघाल्या. हवाई हल्ल्यात यातल्या कुणाचा जीव गेला असता तर त्याचं ओझं कर्णिकांना जन्मभर वाहावं लागलं असतं. त्यांनी निर्णय घेतला, हल्ला झाला तर कुठं लपायचं ते बायकांना नीट समजावलं आणि काम सुरू झालं.

गावातल्या एका घराच्या ओसरीवर आम्हाला त्यांच्यातल्या दोघी भेटल्या. दोघीही आता ऐंशीच्या घरात, त्यांना सगळे ‘बा’ म्हणतात. आधी ताक आलं, मग बोलणं. अप्पांचं हिंदी फौजी, बांचं कच्छी-गुजराती, आणि मध्ये दुभाषा म्हणून कॉलेजात जाणारी नात. तरी पुढं पुढं तिची गरजच पडेना. अप्पा हातानं खड्डा दाखवायचे आणि बा हातानंच सांगायच्या की आधी राडारोडा काढला, मग खडी-सिमेंट टाकलं, मग चोपून चोपून सपाट केलं.

पहाटे ट्रक यायचा आणि अंधार पडल्यावर परत सोडायचा. भोंगा झाला की हातातलं टाकून कडेच्या झुडपांत पळायचं आणि पालथं पडून राहायचं. वरून दिसू नये म्हणून फिकट हिरव्या साड्या नेसायला सांगितलं होतं. धोका टळला की एक छोटा भोंगा व्हायचा, पुन्हा घमेली डोक्यावर. पहिल्या दिवशी खायला काहीच नव्हतं, सगळ्या उपाशीच राबल्या. दुसऱ्या दिवशी जवळच्या मंदिरातून फळं आणि गोडधोड आलं. कुठल्या हल्ल्यात काय झालं हे त्यांना क्रमानं सांगता येईना, पण त्या दुपारचं खाणं त्यांना लख्ख आठवत होतं. अप्पा मान डोलावत होते, त्यांनाही युद्धातलं असंच साधंसुधं आठवतं.

एका बांनी सांगितलं की तेव्हा मूल दीड वर्षाचं होतं. शेजारणीकडे सोडून त्या ट्रकवर चढल्या. शेजारणीनं विचारलं, तुला काही झालं तर याचं कोण बघणार? “माझ्याकडे काही उत्तर नव्हतं,” त्या म्हणाल्या. “ट्रक निघत होता. मी चढले.” हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

मग अप्पांनी धावपट्टीवरच्या शेणाचं विचारलं. त्यांना त्याचंच कुतूहल होतं. नवं सिमेंट उजळ असतं. जुन्या काळपट पट्टीवर ते वरून ठिगळासारखं दिसतं, आणि कुठं दुरुस्ती चालली आहे हे शत्रूला नेमकं कळतं. म्हणून दुरुस्त केलेल्या भागावर शेण सारवलं. घराचं अंगण सारवणाऱ्या बायकांनी लढाऊ विमानांची धावपट्टी सारवली. “हाताचे पंजे फिरवून,” दुसऱ्या बांनी हवेत हात फिरवून दाखवलं. रुंद, आखीव अर्धवर्तुळं, एकाला लागून दुसरं. अप्पा त्या हाताकडे बघतच राहिले. म्हणाले, “आम्ही जाळी टाकायचो, रंग द्यायचो. हे आम्हाला सुचलं नसतं.”

72 तासांच्या कामानंतर, चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला त्या धावपट्टीवरून विमान उडालं. पुढं इंदिरा गांधींच्या सरकारनं या बायकांना 50,000 रुपयांचं बक्षीस दिलं. ते त्यांनी वाटून घेतलं नाही, गावाच्या सभागृहासाठी दिलं. गावात 2015 मध्ये वीरांगना स्मारक उभं राहिलं. तिथली काम करणाऱ्या बायकांची शिल्पं बघताना एक गोष्ट मनात येत राहिली. स्मारक उभं राहायला चव्वेचाळीस वर्षं लागली आणि तोवर कितीतरी जणी गेल्या होत्या.

2021 साली या विषयावर हिंदी सिनेमा आला आणि माधापरचं नाव देशभर झालं, ही चांगलीच गोष्ट. पण त्यातला धूमधडाका आणि त्या ओसरीवर ऐकलेलं बोलणं यांत फार अंतर आहे. ओसरीवर होती ती भूक, शेजारणीकडे सोडलेलं पोर आणि अंगाला लागलेलं शेण. माझ्या मते युद्धाचा खरा इतिहास हा आहे, आणि तोच सगळ्यात कमी लिहिला गेला आहे. लढाया रेजिमेंटच्या दप्तरात नोंदल्या जातात. तळावरचा एक दिवस कसा उगवला नि मावळला, ते मात्र तिथं राबलेल्या माणसांच्या बोलण्यातच उरतं.

निघताना अप्पांनी दोन्ही बांच्या पायांना हात लावला. वयानं ते फार लहान नाहीत, बा संकोचल्या. अप्पा म्हणाले, “बा, मी धावपट्टीवरचे खडे वेचलेला माणूस आहे. तुम्ही काय केलंत ते मला कळतं.”

दरवर्षी महाराष्ट्रातून कितीतरी लोक रणोत्सवासाठी धोरडोला जातात आणि भूजवरूनच जातात. त्यांनी अर्धा दिवस माधापरसाठी ठेवावा, स्मारक बघावं, आणि कुणी बोलायला तयार असेल तर नीट ऐकावं. आणि कच्छला जाणं जमणार नसेल, तर आपल्या इमारतीत, गावात 1971 चा कुणी जवान, हवाई सैनिक, नौसैनिक किंवा त्या काळी तळावर काम केलेला माणूस असेल, त्याच्यासमोर वही घेऊन बसा. काय जेवायचात, कुठं झोपायचात, हातानं काय काम केलंत, हे विचारा आणि लिहून ठेवा. ही माणसं आता सत्तरी-ऐंशी ओलांडून गेली आहेत.