कोसाडची यकृतका

सुरत स्टेशन सोडून गाडी अहमदाबादच्या दिशेने निघाली की तापीचा पूल लागतो, मग उत्राण आणि त्यानंतर कोसाड. इथे महापालिकेच्या आवास योजनेच्या इमारतींच्या रांगा आहेत. आणखी पुढे सायणकडे गेलं की उसाची शेतं आणि साखर कारखाना.

पावसाळ्यात या बाजूला आलात तर नजर जरा खाली ठेवा. ओल्या, मोकळ्या जमिनीवर हिरव्या चपट्या चकत्या चिकटलेल्या दिसतात. प्रत्येक पट्टीला दोन फाटे, त्यांना पुन्हा दोन फाटे. आपण सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो, पण ही बहुधा रिक्सिया, म्हणजे यकृतका गटातली वनस्पती. इंग्रजीत या गटाला लिव्हरवर्ट म्हणतात. तिला फूल नाही, बी नाही, खरं मूळही नाही.

मग ही नाजूक जमात टिकते कशी? बऱ्याच यकृतकांच्या पेशींत तेलाचे सूक्ष्म थेंब असतात आणि त्यांत कडू, तिखट रसायनं असतात. त्यामुळे किडे सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. यातली काही रसायनं तर भाताचं बीही रुजू देत नाहीत.

यातूनच नैसर्गिक तणनाशकाची कल्पना आली. राडुला नावाच्या यकृतकेत राडुलानिन ए हे द्रव्य असतं. फ्रान्समधल्या संशोधकांना आढळलं, की ते पानात प्रकाशापासून ऊर्जा मिळवण्याची साखळीच अडवतं. उसात आणि मक्यात फवारलं जाणारं अ‍ॅट्राझिनही नेमकी हीच साखळी तोडतं. भूजलात उतरतं म्हणून युरोपीय संघाने २००४ मध्ये अ‍ॅट्राझिनला मान्यता नाकारली. आपल्याकडे ते अजून वापरात आहे.

पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं नाही. जे तणाला मारतं ते उसालाही मारू शकतं. मातीत ते किती दिवस राहतं, विहिरीच्या पाण्यात उतरतं का, हे तपासल्याशिवाय शेतात नेणं बरोबर नाही. शिवाय त्यासाठी जंगल खरवडायची गरजही नाही, कारण हे द्रव्य प्रयोगशाळेत बनवता येतं.

राडुलाच्या जाती आपल्या सह्याद्रीतही झाडांच्या सालीवर वाढतात. सुट्टीत घाटात गेलात तर मुलांना भिंगातून जरूर दाखवा. फक्त ती खरवडून घरी आणू नका.